लिनक्ससाठी स्कॅनर घेताना मशीनच्या आधी ड्रायव्हर पाहा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यातल्या गावात सेवा केंद्र आहे, दोन जुने लॅपटॉप आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले, विंडोज ११ त्या लॅपटॉपवर चढत नाही, म्हणून भाच्याने दोन्हींवर लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकून दिली. आता जुन्या कॅनन लायडी ११० स्कॅनरची सीडी चालत नाही, प्रिंटरही थकलाय, आणि दुकानदार म्हणतो, लिनक्सवर कोणताच स्कॅनर चालत नाही. जून-जुलैची दाखल्यांची गर्दी तोंडावर आहे, पंचवीस हजारांपर्यंत खर्चायची तयारी आहे. तर कोणता घ्यावा?

पैसे काढायच्या आधी लायडी ११० लॅपटॉपला जोडा. सीडी बाजूला राहू द्या. मेनूतून ‘डॉक्युमेंट स्कॅनर’ नावाचं ॲप उघडा आणि स्कॅनचं बटण दाबा. बहुतेक तो चालेल. सीडीवरचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी होतं, लिनक्सला ते लागतच नाही. लिनक्समध्ये स्कॅनर चालवायचं काम ‘सेन’ नावाची व्यवस्था करते. स्कॅनर ॲक्सेस नाऊ ईझी या नावाची ती आद्याक्षरं. तिच्यात एकेका जातीच्या स्कॅनरसाठी एकेक बॅकएंड, म्हणजे ड्रायव्हर (संगणक आणि मशीन यांना जोडणारं सॉफ्टवेअर), असतो. लायडी ११०, १२०, २१०, २२० ही मंडळी ‘जेनेसिस’ नावाच्या बॅकएंडवर चालतात आणि तो मिंटसोबतच येतो.

ॲपला स्कॅनर दिसलाच नाही, तर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा. ‘स्कॅन’ आणि ‘इमेज’ हे दोन इंग्रजी शब्द लहान अक्षरांत सलग लिहा, मग जागा सोडून उणे चिन्ह आणि मोठा एल. सेनला जेवढे स्कॅनर दिसतात त्यांची यादी येते. त्या यादीत लॅपटॉपचा कॅमेराही स्कॅनर म्हणून दिसला तर गोंधळू नका, सेनमध्ये कॅमेऱ्यासाठीही एक बॅकएंड आहे. ‘सेन-फाइंड-स्कॅनर’ अशी आणखी एक आज्ञा आहे, तिच्यावर मात्र लोक फार भाळतात. यूएसबीवर स्कॅनरसारखं काहीतरी जोडलंय, एवढंच ती सांगते. ते चालवणारा ड्रायव्हर आहे की नाही, याचा तिच्या उत्तराशी संबंध नसतो. पहिल्या आज्ञेच्या यादीत नाव आलं, तरच मशीन चालणार असं धरा. तिथे नाव येत नसेल तर केबल बदला, निळ्या यूएसबी ३ च्या ऐवजी साध्या पोर्टात लावून पाहा. जुने स्कॅनर यूएसबी ३ वर कधी कधी रुसतात. सुडो लावल्यावर (म्हणजे आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने दिल्यावर) दिसतो आणि एरवी दिसत नाही, असं झालं तर प्रश्न परवानगीचा आहे: तुमचं खातं ‘स्कॅनर’ या गटात टाका आणि लॉगआउट करून परत या.

लायडी चालू झाला तरी तुमचा प्रश्न संपत नाही, कारण काचेवर एकेक पान ठेवून जुलैची गर्दी उरकत नाही. म्हणून आता खरेदीकडे वळू.

दुकानात स्कॅनर विकला जातो तो डीपीआय (एका इंचात किती ठिपके), पानं प्रति मिनिट आणि कंपनीच्या नावावर. माझ्या हाताखालून गेलेल्या मशीनपैकी ज्या भंगारात गेल्या, त्यातल्या बऱ्याच यंत्र म्हणून धडधाकट होत्या. मोटर फिरायची, दिवा लागायचा, पण नव्या सिस्टिमसाठी ड्रायव्हर कोणी बनवला नव्हता. तेव्हा स्कॅनर किती वर्षं टिकेल हे त्याचा ड्रायव्हर कोण आणि किती काळ सांभाळणार यावर ठरतं. लिनक्सवर या सांभाळणाऱ्यांचे तीन प्रकार पडतात आणि निवड तिथूनच सुरू करायची.

पहिला प्रकार सेनचे स्वतःचे बॅकएंड. हे जगभरातले लोक मिळून सांभाळतात, कोड उघडा असतो, कंपनीने मॉडेल बंद केलं तरी बॅकएंड राहतो. तुमचा लायडी ११० हेच त्याचं उदाहरण. सेनच्या संकेतस्थळावर मॉडेलवार यादी आहे आणि प्रत्येकापुढे दर्जा लिहिलेला असतो: कम्प्लीट, गुड, बेसिक, मिनिमल, अनटेस्टेड, अनसपोर्टेड. कम्प्लीट किंवा गुड असेल तरच पुढे जायचं. बेसिक म्हणजे मुख्य प्रकारांत चालेल, पण दर्जा पुरेसा नसेल. अनटेस्टेड म्हणजे कोणी चालवून कळवलेलं नाही. तो प्रयोग आपल्या पैशाने करायचं कारण नाही.

यादी पाहताना मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. एकाच नावाखाली आतलं यंत्र पार वेगळं निघू शकतं. लायडी २२० जेनेसिसवर चालतो, पण लायडी ३०० आणि ४०० ‘पिक्स्मा’ बॅकएंडवर, आणि तेही सेन १.०.२८ किंवा पुढच्या आवृत्तीत. फुजित्सूच्या स्कॅनस्नॅप मालिकेत एस१५०० ‘फुजित्सू’ बॅकएंडवर सरळ चालतो, तर त्याचा धाकटा भाऊ एस१३०० ‘एपजित्सू’वर. त्या धाकट्याला दर वेळी चालू होताना एक फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) फाइल भरवावी लागते, आणि ती फाइल विंडोजच्या सॉफ्टवेअरमधून काढून आणावी लागते. दुकानदाराला दोघंही सारखेच दिसतात. खात्री हवी असेल तर यूएसबी ओळखक्रमांक पाहा: ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली की प्रत्येक जोडणीपुढे चार-चार अक्षरांची जोडी येते. सेनच्या यादीतही तीच जोडी दिलेली असते.

दुसरा प्रकार ड्रायव्हरशिवाय चालणारा, आणि आज नवं मशीन घेणाऱ्याला मी आधी हाच दाखवतो. ॲपलच्या फोनवरून विनाड्रायव्हर छापता यावं म्हणून एअरप्रिंट आलं, तसं स्कॅनसाठी एअरस्कॅन. त्यामागच्या भाषेचं नाव ‘ईएससीएल’. मशीनच्या पोटात छोटा वेब सर्व्हर असतो. संगणक त्याला वेबपानांसाठी वापरतात त्या साध्या एचटीटीपीवरून विचारतो की तुझ्याकडे काच आहे की फीडर (पानं आपोआप ओढणारा ट्रे), केवढं पान घेतोस, किती डीपीआय देतोस. मशीन उत्तर देते, संगणक स्कॅन मागतो, चित्र येतं. मधे कंपनीचं काहीच लागत नाही. लिनक्सच्या बाजूला हे बोलणं ‘सेन-एअरस्कॅन’ करतो. मिंटच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये त्याची सोय असते. खोक्यावर एअरप्रिंटचं चिन्ह असलेल्या आणि स्कॅनर असलेल्या ऑल-इन-वनमध्ये (प्रिंटर-स्कॅनर एकत्र असलेल्या मशीनमध्ये) ईएससीएल बहुधा असतंच. उद्या कंपनीने लिनक्सकडे पाठ फिरवली तरी आयफोनवाल्यांसाठी तिला हे चालू ठेवावंच लागेल. आपली मागणी लहान, त्यांची मोठी, तेव्हा त्यांच्या गर्दीत आपलंही काम होतं.

गावात वायफायचा भरवसा नाही, लाईन गेली की राउटर बंद, ही तुमची शंका मी गृहीत धरतो. त्याचंही उत्तर आहे. हीच भाषा यूएसबी केबलवरूनही बोलता येते, त्यासाठी ‘आयपीपी-यूएसबी’ नावाचा एक छोटा कार्यक्रम पार्श्वभूमीला चालतो. तो केबलने जोडलेलं मशीन संगणकाला नेटवर्कवर असल्यासारखं दाखवतो. राउटर नको, इंटरनेट नको. मशीनमध्ये ही सोय आहे का, हे ओळखायची खूण अशी: ‘एलएसयूएसबी’ला सविस्तर माहिती मागितली की प्रत्येक इंटरफेसचा वर्ग, उपवर्ग आणि प्रोटोकॉल दिसतो. तिथे ७, १, ४ असा क्रम सापडला की झालं. हे जमलेलं मशीन मी डोळे झाकून घेईन.

एक अडचण सांगून ठेवतो, कारण ती आली की माणूस उगाच मशीनला दोष देतो. आयपीपी-यूएसबीने मशीन धरलं की दुसऱ्या कोणत्या ड्रायव्हरला ते यूएसबीवरून मिळत नाही. भाचा उत्साहाने कंपनीचा ड्रायव्हरही टाकून ठेवेल, मग ॲपमध्ये एकच स्कॅनर दोन नावांनी दिसेल आणि त्यातलं एक नाव निवडलं की ‘डिव्हाइस बिझी’ येईल. दोनपैकी एकच ठेवा. ईएससीएल चालत असेल तर कंपनीचा काढून टाका.

तिसरा प्रकार कंपनीने दिलेला बंद ड्रायव्हर. ब्रदरचे ‘बीआरस्कॅन ४’ आणि ‘५’, एपसनच्या ‘एपसन स्कॅन २’चा बंद भाग, एचपीच्या काही मॉडेलना लागणारं प्लगइन. हे वाईट नाहीत. आज टाकले तर आज चालतात, ब्रदरवाल्याची मांडणी तर बऱ्यापैकी सोपी आहे. पण सांभाळणारा एकच, आणि त्याचं मन बदललं की आपण अडकलो. एचपीचं उदाहरण घ्या. ‘एचपीएलआयपी’ हा एचपीचा लिनक्ससाठीचा संच बहुतांश उघडा आहे. पण सेवा केंद्रांमध्ये सर्रास दिसणाऱ्या लेझरजेट एम११३६ सारख्या मशीनला त्यासोबत बंद प्लगइन लागतं, आणि त्या प्लगइनची आवृत्ती संचाच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. सिस्टिम अपडेट झाली, संच पुढे गेला, प्लगइन मागे राहिलं, की स्कॅन बंद. उपाय सोपा आहे, ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा पुन्हा द्यायची, ती नेटवरून नवं प्लगइन आणते. पण हे घडतं केव्हा? दारात पंधरा माणसं उभी असताना आणि नेटवर्कची एकच कांडी असताना. अशी मशीन आधीच घरात असेल तर वापरा, नवी घेताना टाळा. आणि लिनक्स रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर न्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, हे बंद ड्रायव्हर बहुधा साध्या इंटेल-एएमडी संगणकांसाठीच बनवलेले असतात.

आता तुमच्या कागदांकडे येऊ. सेवा केंद्रात दोन वेगवेगळी कामं असतात आणि लोक एकाच मशीनकडून दोन्हींची अपेक्षा करतात, तिथे घोळ होतो.

पहिलं काम नव्या कागदांचं: सातबारा, आठ अ, टीसी, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स. सरळ, कोरे, ए-४. हे फीडरमधून, म्हणजे एडीएफमधून, झपाझप गेले पाहिजेत. दुसरं काम जुन्या कागदांचं, आणि विदर्भात ते कमी नाही. जात पडताळणीसाठी माणूस आजोबा-पणजोबांचा पुरावा घेऊन येतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. मग ट्रंकेतून काय काय निघतं: दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या काळातलं खरेदीखत, घडीवर फाटलेलं, कडा झडलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं. हा कागद एडीएफमध्ये घालायचा नाही म्हणजे नाही. रोलरने तो एकदा ओढला की गिऱ्हाइकाचा एकुलता एक पुरावा तुमच्या केंद्रात गेला. कागद मजबूत दिसतोय म्हणून मोह झाला तरीही नाही.

म्हणून काच हवीच. ती तुमच्याकडे आहे, लायडी ११० ची. त्याला भंगारात काढू नका, जुन्या कागदांसाठी वेगळा ठेवा. त्याचा आणखी एक गुण इथे फार कामाचा: तो यूएसबीवरच चालतो, वेगळा अडॅप्टर नाही. लाईन गेली, लॅपटॉप बॅटरीवर असला, तरी स्कॅन होतो. उद्या तो मोडला तर त्याच्या जागी लायडी ३०० चालेल, तोही यूएसबीवरच चालतो.

काचेच्या स्कॅनरमध्ये एक फरक माहीत असावा. लायडीसारख्या पातळ मशीनमध्ये सीआयएस सेन्सर असतो. कागद काचेला चिकटला असेल तिथेच त्याला नीट दिसतं, काचेपासून जरा वर उचलला गेला की अक्षर धूसर होतं. त्यामुळे घडी पडलेलं खरेदीखत किंवा बांधणीचं रजिस्टर असेल तर झाकण हळूच दाबून धरावं लागतं. जाड, जुन्या धाटणीच्या स्कॅनरमध्ये सीसीडी असतो, त्याला थोडी उंची चालते. पण ते जड, महाग आणि वेगळ्या अडॅप्टरवर चालणारे. फक्त रजिस्टरंच स्कॅन करायची असतील तर विचार करा, तुमच्या केंद्राला त्याची गरज नाही.

स्टॅम्प पेपरची गोष्ट मात्र नीट ऐका, कारण माहितीपत्रक ती सांगत नाही. स्टॅम्प पेपर ए-४ पेक्षा लांब असतो. ए-४ काच २९७ मिलिमीटरची, लीगल कागद ३५६ चा. लायडीवर स्टॅम्प पेपर ठेवला की खालच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का कापला जातो, आणि तोच भाग पाहून अर्ज परत येतो. नव्या मशीनचा एडीएफ लीगल लांबी घेतो का, हे दुकानात विचारा, आणि लिनक्समध्येही पानाचा आकार निवडताना लीगल मिळतो का ते प्रत्यक्ष पाहा. मशीन घेते पण ड्रायव्हर देत नाही, असंही असतं. नवीन स्टॅम्प पेपर फीडरमधून न्यायला हरकत नाही.

हे सगळं धरून तुमच्यासाठी माझं मत: लायडी राहू द्या, आणि प्रिंटरही थकलाच आहे तर एडीएफ असलेलं, ईएससीएल बोलणारं इंक टँक ऑल-इन-वन घ्या. ब्रदरचं डीसीपी-टी८२०डीडब्ल्यू किंवा एचपीचं स्मार्ट टँक ७५० या जातीचं. दोन्हींत फीडर आहे, दोन्हींवर एअरप्रिंट आहे. मी नावं उदाहरणादाखल दिली आहेत, त्या दिवशी दुकानात जे मिळेल त्याला खाली सांगितलेली चाचणी लावा. कॅननचं एमएफ३०१० लोक तुम्हाला सुचवतील, कारण ते इथे घराघरात आहे. त्याचा स्कॅनर सेनच्या पिक्स्मा बॅकएंडवर चालतो. पण त्याला फीडर नाही आणि छपाईसाठी कॅननचा वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. म्हणजे तुमची मूळ अडचण, गर्दी, जिथल्या तिथे.

अशा ऑल-इन-वनचा एडीएफ बहुधा एकाच बाजूने वाचतो. पाठपोट कागद असेल तर आधी सगळ्या पुढच्या बाजू घालायच्या, मग गठ्ठा उलटा करून मागच्या. डॉक्युमेंट स्कॅनर ॲपच्या मेनूत पानांचा क्रम लावायची सोय आहे, त्यात दोन बाजू एकमेकांत मिसळायचे पर्याय आहेत: मागच्या बाजू सरळ क्रमाने आल्या असतील त्यासाठी एक, उलट्या क्रमाने आल्या असतील त्यासाठी दुसरा. हे माहीत नसल्याने एकेक पान ओढून लावत बसणारे लोक मी खूप पाहिले.

दोन्ही बाजू एकदम वाचणारा खास डॉक्युमेंट स्कॅनर तुम्हाला लागेल का? रोज शेकड्याने पानं, पतसंस्थेचं किंवा शाळेचं जुनं दफ्तर डिजिटल करायचं कंत्राट, असं काही असेल तरच. तसं असेल तर फुजित्सूची एफआय मालिका पाहा. तो धंदा २०२२ मध्ये रिकोकडे गेला, त्यामुळे नव्या मशीनवर रिकोचं नाव असतं. एफआय-७१६० मिनिटाला ६० पानं दोन्ही बाजूंनी घेतो, ट्रेमध्ये ८० पानं मावतात आणि सेनचा फुजित्सू बॅकएंड तो व्यवस्थित चालवतो. नवा तुमच्या बजेटबाहेर आहे, पण कॉर्पोरेट कार्यालयांतून निघालेले जुने नागपुरात मिळतात. जुना घेताना रोलर पाहा: कंपनीच्या हिशेबाने ते साधारण दोन लाख पानांनी किंवा वर्षाने बदलायचे असतात, आणि विकणाऱ्याने ते कधीच बदललेले नसतात. रोलर चकचकीत, कडक झाले असतील तर त्यांची किंमत मशीनच्या किमतीत धरून घासाघीस करा. अडॅप्टर मूळचाच आहे ना, तेही बघा.

आपल्या हवेचा विचार कंपन्या करत नाहीत. बहुतेक डॉक्युमेंट स्कॅनर ३५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात. टिनाच्या खोलीत दुपारी रबराचे रोलर लवकर कडक होतात. मोठं गठ्ठ्याचं काम सकाळी उरका. कूलर लावला तर आणखी एक भानगड: कूलरचा दमट झोत कागदावर आला की पानं एकमेकांना चिकटतात आणि फीडर एकदम दोन ओढतो. मशीन कूलरच्या समोर ठेवू नका आणि गठ्ठा घालण्याआधी पानं फडफडवून घ्या. कापसाच्या हंगामात, जिनिंगच्या आसपास केंद्र असेल तर विशेषच, तंतू आणि धूळ फीडरजवळच्या अरुंद काचपट्टीवर बसते. प्रत्येक पानावर वरून खालपर्यंत एकच उभी रेष येत असेल तर ड्रायव्हर, सेटिंग काही शोधू नका. ती त्या पट्टीवरची धूळ आहे. मऊ फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, रोलरही त्यानेच.

आता दुकानातली चाचणी. ऑनलाइन दोन पैसे स्वस्त मिळेल, तरी हे मशीन मी दुकानातूनच घेईन, यवतमाळ, अमरावती किंवा नागपूरची सीताबर्डी. मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह (संगणकात न टाकता थेट ज्यावरून मिंट चालतं तो) आणि स्वतःचा एक लॅपटॉप सोबत न्या. मशीन यूएसबी केबलने जोडा, कंपनीचं काही न टाकता डॉक्युमेंट स्कॅनर उघडा. काचेवरून एक पान घ्या, फीडरमधून पाच-सहा पानं घ्या, त्यात एक जुनी चुरगळलेली झेरॉक्स आणि एक लीगल कागद असू द्या. मशीन बंद करून पुन्हा चालू करा आणि परत एकदा घ्या, कारण काही मशीन पहिल्यांदा दिसतात आणि झोपेतून उठल्यावर हरवतात. दुकानदार म्हणेल, ‘ताई, विंडोजवर दाखवतो ना.’ ते पाहून आपल्याला काही कळत नाही. चाचणी करू देत नसेल तर दुसरं दुकान. सुरुवातीलाच मोबाइल ॲप आणि ऑनलाइन खातं मागणारं, ते दिल्याशिवाय स्कॅनच न करणारं मशीन असेल तर तेही ठेवून द्या. लोकांची आधार कार्डं कोणाच्या क्लाउडवरून फिरवायची आपल्याला गरज नाही.

मशीन घरी आलं की सेटिंगमध्ये दोनच गोष्टी बदला. डॉक्युमेंट स्कॅनर ॲप मजकुरासाठी मुळात १५० डीपीआय धरतं, ते ३०० करा. आणि शिक्का, सही, अंगठा असलेला कागद काळ्या-पांढऱ्यात घेऊ नका. निळा शिक्का आणि जांभळा अंगठा त्यात फिका पडतो किंवा गायबच होतो. अशा कागदाला रंगीत, बाकीच्यांना ग्रेस्केल (करड्या छटा). ४८०० डीपीआयची जाहिरात फोटोच्या निगेटिव्हवाल्यांसाठी आहे. ए-४ पान ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचं होतं, रंगीत कच्चं चित्र साधारण २६ एमबीचं. ६०० ला ते चौपट. अर्जाचं सरकारी पोर्टल मात्र काही शे केबीच्या वर घेत नाही. म्हणून फाइल दोन ठेवा: एक चांगली, गिऱ्हाइकाला पेनड्राइव्हवर द्यायला, आणि तिच्यावरून लहान केलेली एक, अपलोडसाठी. आधीच कमी डीपीआयने घेतलेला कागद नंतर मोठा करता येत नाही, आणि जुनं खरेदीखत पुन्हा पुन्हा काचेवर ठेवणंही बरं नाही. अपलोड झालं की लॅपटॉपवरच्या आधारच्या प्रती दर संध्याकाळी पुसून टाका, कचरापेटीतूनही.

स्कॅनमधला मजकूर शोधता यावा असं वाटत असेल तर चित्रातली अक्षरं ओळखणारं ‘टेसरॅक्ट’ आणि त्याची मराठी फाइल टाका, सोबत तो मजकूर पीडीएफमध्ये भरणारं ‘ओसीआरमायपीडीएफ’. भाषा म्हणून मराठी आणि इंग्रजी दोन्ही द्या. जुन्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या कागदांत हिंदी येतं, तेव्हा हिंदीही. छापील सातबारा, शासन निर्णय, परिपत्रकं यांवर ते चांगलं चालतं. हाताने लिहिलेल्या उताऱ्यावर त्याची आशा धरू नका आणि मोडीवर तर अजिबात नाही. तिथे फाइलचं नाव नीट देणं, म्हणजे गाव, आडनाव, वर्ष, कागदाचा प्रकार, हाच शोध.

एवढं करूनही केंद्राचं सगळं काम लिनक्सवर नेण्याआधी तुमचं बोटांच्या ठशाचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन तपासा. स्कॅनरची अडचण सुटते, या दोघांची लिनक्सवर सुटेलच असं नाही. त्यांचं सॉफ्टवेअर कंपनीने ज्या सिस्टिमसाठी दिलंय तिथेच ते निमूट चालतं. या कामापुरता विंडोज ११ चालवणारा एखादा जुना डेस्कटॉप मिळाला तर तो बाजूला ठेवा, स्कॅन आणि छपाई मिंटवर राहू द्या. ईएससीएलचं मशीन वायफायवर असलं तर दोन्हीकडून एकाच वेळी वापरता येतं, केबल बदलावी लागत नाही. राउटर मात्र इन्व्हर्टरवर घ्या.